स्वयंपाकघराच्या दारातली घंटा

आमच्या घरात जेवायला हाक मारायची पद्धत नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला एक मोठा खिळा होता आणि त्यावर पितळेची एक घंटा टांगलेली असे. भाकरी तव्यावरून उतरली की आई उलटण्याने त्या घंटेवर दोनदा मारायची. मग मी अंगणात असो, गच्चीवर असो की मैत्रिणीच्या ओट्यावर बसून पेरू खात असो, दुसऱ्या ठोक्याला माझे पाय आपोआप घराकडे वळत. धाकटी मंगल माझ्या मागे, आणि कधीकधी शेजारचं कुत्रं तिच्या मागे. बाबा ओसरीवरून हे बघत आणि आईला म्हणत, "बघ, माणसाला बी लागू पडतं." याचा अर्थ मला चौदाव्या वर्षापर्यंत कळला नव्हता. घंटा कुठून आली असं विचारलं की ते म्हणत, "पलटणीतली हाय." आणि विषय बदलत.

बाबा लष्करात होते, पण तोफा-बंदुकांत नव्हते. ते खेचर कंपनीत हवालदार होते. जिथे गाडी जात नाही तिथे रसद, दारूगोळा, पाणी, तंबू असं सगळं खेचरांच्या पाठीवर घालून वर न्यायचं, हे त्यांच्या कंपनीचं काम. सतरा वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्त होऊन नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात गेटवर लागले, तेव्हा नव्या नव्या इंदिरानगरात आम्ही दोन खोल्या बांधल्या. आज तिथे सहा मजली इमारती आहेत. त्या वेळी आमच्या मागच्या दारातून थेट द्राक्षांचे मळे दिसायचे. बाबांच्या अंगातली खेचर कंपनी मात्र कधी निवृत्त झाली नाही. रोज सकाळी भिजवलेल्या हरभऱ्याची एक मूठ ते खात आणि आम्हालाही खायला लावत. बाजारातून सायकलवर पिशव्या आणायच्या तर हँडलच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन हवं. एका पिशवीत बटाटे जास्त झाले तर ते रस्त्यात थांबून चार बटाटे दुसऱ्या पिशवीत टाकत. शाळेचं दप्तर एका खांद्यावर घेतलं की ओरडा बसे. "ओझ्यानं जनावर मरत नाय, वाकड्या ओझ्यानं मरतं," हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आज माझे अकरा टेम्पो नाशिक-मुंबई रस्त्यावर धावतात आणि माल भरताना माझ्या तोंडून तेच वाक्य बाहेर पडतं. पोरं हसतात. हसोत. अजून एकही टेम्पो उलटलेला नाही.

बाबांचा दुसरा धडा होता, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. शेजारच्या झाडाची फांदी आमच्या कुंपणावर झुकलेली होती. तिचे दोन पेरू मी तोडले म्हणून त्यांनी मला ते पेरू हातात धरून शेजाऱ्यांच्या दारात अर्धा तास उभं केलं होतं. शेजारीणबाई आतून म्हणत होत्या, "अहो, राहू द्या हो, पोरगीच ती." बाबा म्हणाले, "पेरूचा प्रश्न नाय, वहिनी." मी तो अर्धा तास विसरले नव्हते. म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं स्पष्ट आठवतं.

त्या काळी देवळालीच्या बाजूला तोफांचा सराव सुरू झाला की आमच्याकडे मांडणीतली ताटं किणकिणायची. शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून थांबत, आवाज संपला की पुन्हा लिहायला लागत. आणि ज्या दिवशी सराव असे त्या दिवशी संध्याकाळी थोरातकाका हमखास यायचे. हे बाबांचे मित्र, सिन्नरकडचे, तोफखान्यातले निवृत्त हवालदार. तोफांपायी त्यांचा डावा कान गेला होता, त्यामुळे आमच्या ओसरीवर सगळ्यांनी त्यांच्या उजव्या बाजूला बसायचं असा नियम होता. न पटणारं काही ऐकू आलं की ते डावा कान पुढे करत. लढाईच्या वर्षी काकांची तोफांची तुकडी आणि बाबांची खेचर कंपनी एकाच डोंगरावर होती. काका वर, बाबा खाली. तेवढ्या भांडवलावर दोघं वीस वर्षं भांडत होते.

"तुमचं काय हो दाजी," काका चहाची बशी फुंकत म्हणायचे, "तुम्ही हरभऱ्याचे हवालदार. गोळा आमी मारला."

"मारला ना? मग तो गोळा तुझ्या सासऱ्यानं आणून दिला काय रे वर?" बाबा म्हणायचे.

आई आतून, "चहा गार होतोय, लढाई नंतर करा."

माझ्या नववीच्या वर्षी या भांडणाला सरकारी रूप आलं. काकांच्या तोफखान्याच्या तुकडीचा कसलासा मोठा वर्धापनदिन जवळ आला होता आणि तुकडीचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचं ठरलं होतं. ते काम देवळाली कॅम्पात राहणाऱ्या एका निवृत्त मेजरसाहेबांकडे होतं. उंच, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं एकदम स्वच्छ. एका संध्याकाळी ते काकांना शोधत आमच्याच ओसरीवर आले, कारण काका घरी कमी आणि आमच्याकडे जास्त असत. ज्याला जे आठवतं ते त्याने लिहून द्यायचं, असं त्यांनी सांगितलं आणि फुलस्केप कागदांचा गठ्ठा ठेवला. जाता जाता त्यांनी त्या डोंगरावरच्या लढाईचा आपला मसुदा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: धुके असूनही तोफगोळे वेळेवर पोहोचले.

बाबा उभे राहिले. "पोहोचले? कसे पोहोचले साहेब? पोस्टानं?"

मेजरसाहेब हसले नाहीत. त्यांनी वही काढली. बाबांनी सांगितलं ते असं. दोन दिवस दाट धुकं होतं, हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. वर गोळे संपत आले होते. धुकं उठलं की समोरचा हल्ला करणार हे पोरालाही कळत होतं. खाली कंपनीत चाळीस खेचरं होती, पण ताप पसरला होता आणि पायावर उभी असलेली माणसं अकराच. नियमाप्रमाणे प्रत्येक खेचराला धरायला माणूस पाहिजे. धुक्यात, कड्याच्या वाटेवर, धरायला माणूस नसेल तर खेचर एक पाऊल टाकत नाही. "तरी बी चाळीसची चाळीस वर गेली," बाबा म्हणाले. "पुढं एक घोडी घातली साहेब. गळ्यात घंटा. खेचराला घोडी म्हणजे आई. ती चालली की मागनं जातंच. दिसो नाहीतर न दिसो, घंटा ऐकू आली की बास."

"रेकॉर्डमध्ये अकरा माणसं आणि चाळीस जनावरं आहेत, ते खरं आहे," मेजरसाहेब म्हणाले. "म्हणूनच मला ते वाक्य तसं लिहावं लागलं. घोडी कुठेच नाही."

"कुठनं असंल?" थोरातकाका म्हणाले. "गोळे आमी खाली उतरून खांद्यावर आणले. मी स्वतः आठ पेट्या आणल्या."

"शेवटच्या चढावर! दोनशे पावलं! तिथवर काय उडत आल्या का पेट्या?"

"मला काय म्हाईत? धुकं होतं."

मेजरसाहेबांनी वही मिटली. पुस्तक तुकडीच्या लोकांच्या हातात कायमचं राहणार, ऐकीव गोष्ट त्यात घालता येणार नाही, दुसरा कुणी साक्षीदार असेल तर बघा, एवढंच ते म्हणाले. आणि साक्षीदार कोण? अकरांतले बाकीचे दहा कुठे कुठे पांगलेले. कुणाचा पत्ता नाही. उरले थोरातकाका, त्यांच्या मते डोंगरावर घोडी नव्हतीच आणि असती तरी माणसाने धरल्याशिवाय खेचर तिच्यामागे गेलं नसतं.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण ते जेवले. शेंगोळे होते, आणि आईच्या हातच्या शेंगोळ्यांना त्यांनी आयुष्यात कधी नाही म्हटलं नाही. पण जेवताना ते एकदाच म्हणाले, "माझं नाव नको मला. पर कंपनीचं एक वाक्य तरी पायजे. गाडी, रेल्वे, इमान, सगळ्याचा इतिहास लिहितात. खेचराचा कोण लिहिणार?" मी त्या दोघांचे जबाब लिहून घेत होते, कारण बाबांचं अक्षर त्यांनाच वाचता येत नसे आणि काकांना लिहायचा कंटाळा. त्यामुळे कागदावर दोन्ही बाजू माझ्याच अक्षरात होत्या. बाबांच्या बाजूला साक्षीदार नाही हे मला टोचत होतं.

मग बाबांनी ठरवलं, करूनच दाखवायचं. अंबडच्या पलीकडे आमच्या गावच्या एका माणसाची वीटभट्टी होती. विटा वाहायला त्याच्याकडे चार खेचरं होती आणि भट्टीमागे एक बरी उंच टेकडी होती. घोडी मिळाली पंचवटीच्या रफीकचाचांची. ते यात्रेकरूंना टांग्यातून रामकुंडावर नेत. त्यांच्या टांग्याचं चाक अंबडला वेल्डिंगला पडलं होतं, म्हणून त्यांची बिजली मोकळीच होती. नाव बिजली असलं तरी स्वभावाने ती अत्यंत सावकाश. आमच्या चौकटीवरची घंटा काढून बाबांनी तिच्या गळ्यात बांधली. एका रविवारी सकाळी आम्ही सगळे भट्टीवर. आईने पुरी-बटाट्याचा डबा घेतला होता, म्हणजे हरलो तरी सहल होईल. मेजरसाहेब खुर्चीवर, काका उभे, हात पाठीमागे.

खेचरांच्या पाठीवर विटा लादल्या, दोन्ही बाजूंना मोजून सारख्या. बाबा बिजलीला घेऊन टेकडी चढायला लागले. घंटा छान वाजत होती. खेचरांनी एकदा मान वर केली, बिजलीकडे पाहिलं, आणि चौघंही वळून भट्टीच्या कडब्याकडे गेली.

बाबा अर्ध्या टेकडीवर पोचले होते. मागे वळून पाहिलं तर मागे कुणी नाही.

"दाजी!" काकांनी खालून आवाज दिला. "पलटण रजेवर हाय वाटतं!"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एक खेचर दहा पावलं गेलं आणि खाली बसलं. मेजरसाहेबांनी घड्याळ पाहिलं, अगदी सभ्यपणे. बाबांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. त्यांना स्वतःलाच शंका आली होती की वीस वर्षांत आपण काही जास्तीचं तर सांगत नाही आलो.

आई पुऱ्या वाढत होती. ती डबा बंद न करताच म्हणाली, "अहो, पण ओळख तरी करून दिली का? आपलं लग्न ठरवायच्या आधी मला सुद्धा पोहे घेऊन तुमच्यासमोर आणून बसवलं होतं. असं कुणीही आलं घंटी वाजवत म्हणून कोण जाईल मागं?"

बाबांनी कपाळावर हात मारला. डोंगरावरची घोडी महिनाभर खेचरांच्या तळाभोवतीच घुटमळायची, सांडलेले हरभरे खायची, अंधार पडेपर्यंत त्यांच्यातच असायची. हे ते विसरले नव्हते, त्यांच्या दृष्टीने ते सांगण्यासारखंच नव्हतं. त्यांनी मेजरसाहेबांकडे आठ दिवस मागितले. मेजरसाहेबांनी ते दिले, बहुधा पुऱ्यांमुळे.

ते आठ दिवस माझे होते. शाळा सुटली की मी सायकलवर भिजवलेले हरभरे घेऊन भट्टीवर जायची, हँडलला दोन पिशव्या, दोन्हींत सारखे. बिजली आणि चार खेचरं यांच्यासमोर एकच घमेलं ठेवायचं, घंटा वाजवायची, खाऊ द्यायचं. पहिल्या दिवशी लाथा झाल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत लहान खेचर बिजलीच्या पोटाला पोट लावून उभं राहिलं. सहाव्या दिवशी बिजली पाण्यावर गेली तर चौघंही पाण्यावर. ती तोंड वर करून थांबली की हेही तोंड वर करून थांबत, तोंडातलं पाणी गिळायचंही विसरून. मी घरी येऊन सांगितलं, तर जेवताना बाबांनी स्वतःच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी माझ्या ताटात टाकली.

दुसऱ्या रविवारी चारही खेचरं टेकडी चढली. डोळे मिटून चढल्यासारखी, शिस्तीत, एकामागे एक. मी टाळ्या वाजवल्या. पण भट्टीवरचे दोन कामगार सवयीने हातात काठ्या घेऊन मागून चालत गेले होते, आणि तेवढं काकांना पुरलं. "हाकलत नेलं तर कुठलं बी जनावर जातं. त्यात काय?" त्यांनी डावा कान पुढे केला. बाबांचा आवाज चढला, काकांचा चढला. मेजरसाहेब म्हणाले, "दोन्ही बाजू मी ऐकल्या," आणि गाडीत बसून निघून गेले. म्हणजे संपलं. वाक्य तसंच राहणार. मी सायकलला टेकून उभी होते आणि मला रडायला येत होतं. मी रडणारी मुलगी नव्हते, त्यामुळे जास्तच राग येत होता.

चाक दुरुस्त होऊन टांगा तयार होता. रफीकचाचांनी बिजलीला जुंपलं. "चलो थोरातसाहब, पंचवटी छोड देता हूँ," ते म्हणाले. काकांना भाजीबाजारात जायचंच होतं. ते ऐटीत टांग्याच्या मागच्या बाजूला बसले, रस्त्याकडे तोंड करून. भांडणाच्या भरात घंटा काढायची राहून गेली होती. आम्ही सगळे चहाला भट्टीच्या छपराखाली गेलो. खेचरांच्या पाठीवर अजून विटा होत्या. भट्टीवर खेचरं बांधत नसत. ओझं असलं की ती आहेत तिथेच उभी राहतात, असा सगळ्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव.

चहा संपवून बाहेर आलो तर एकही खेचर नव्हतं.

पुढचं आम्हाला काकांकडूनच कळलं. हायवेला लागेपर्यंत त्यांचं लक्ष नव्हतं. मग समोर पाहिलं तर चार खेचरं, पाठीवर विटा, एकामागे एक, टांग्यापासून दहा हातांवर. त्यांच्याकडे रोखून बघत होती. काका ओरडले, "हाट! हाट! मागं फिरा!" खेचरांनी कान हलवले. रफीकचाचांनी टांगा थांबवला, तर खेचरं थांबली. चालवला, तर चालली. काकांनी उतरून त्यांना हाकलायचा प्रयत्न केला, तेवढ्यात बिजली पुढे गेली, म्हणून खेचरं काकांना वळसा घालून पुढे गेली आणि तोफखान्याच्या निवृत्त हवालदाराला स्वतःच्याच टांग्यामागे पळावं लागलं. द्वारकेच्या चौकात रिक्षावाले उभे राहून बघायला लागले. कुणीतरी विचारलं, "काका, वरात कुणाची?" नदीवरच्या पुलावर एका बाईने खेचरांना नमस्कार केला. काका सबंध वाटभर पाठीमागे तोंड करून बसलेले, आणि सबंध वाटभर ती चार तोंडं त्यांच्यासमोर. बघायचं नाही म्हटलं तरी दुसरं काही बघायला नव्हतं.

बाबा आणि मी सायकलवरून डबलसीट, जीव खाऊन पंचवटीत पोचलो. भाजीबाजारात गर्दी जमली होती. बिजली मध्ये उभी, खेचरं तिच्याभोवती, चौघांच्याही तोंडात मेथी. काकांच्या काखेत अर्धवट खाल्लेल्या मेथीच्या सात जुड्या होत्या, कारण भाजीवाल्या मावशीने त्या त्यांच्याच गळ्यात मारल्या होत्या. बाबांनी सायकल टाकली. मला वाटलं, आता ते काकांना काहीतरी ऐकवणार. ते सरळ खेचरांकडे गेले आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंची ओझी हाताने तोलून पाहिली.

"दोन्ही बाजू सारख्या," ते म्हणाले. "एक वीट पडली नाय."

थोरातकाकांनी मेथीच्या जुड्या खाली ठेवल्या. मग त्यांनी उजवा कान बाबांकडे केला आणि म्हणाले, "उद्या कागद आण म्हणावं पोरीला."

काकांचा तो जबाब मीच लिहिला. त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यात असं आहे: "मी तोफखान्याचा माणूस आहे. जे दिसलं नाही ते सांगत नाही. जे दिसलं ते लपवत नाही. अंबड ते पंचवटी चार लादलेली खेचरं घोडीच्या घंटेमागे आली. धरायला की हाकायला एकही माणूस नव्हता. रस्त्याला ट्रक होते तरी आली. तेव्हा धुक्यात चाळीस आली असतील हे मला मान्य आहे. शेवटच्या दोनशे पावलांच्या पेट्या मात्र आम्हीच नेल्या." शेवटचं वाक्य लिहायला मी कुरकुर केली, तर बाबाच म्हणाले, "लिही. ते बी खरं हाय."

मेजरसाहेब आठवड्याने आले. जबाब दोनदा वाचला, मग खरोखर मनापासून हसले. आईने शक्करपारे पुढे केले. सगळं जमलं होतं. मेजरसाहेबांनी पेन उघडलं आणि सहज विचारलं, "आता फक्त घोडीचं लिहितो. कुणाची होती?"

"गावातली," बाबा म्हणाले.

"मागून घेतली होती ना?"

 मी बाबांकडे पाहिलं. ते मेजरसाहेबांकडे बघत नव्हते, चौकटीवरच्या घंटेकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. कुणाला कळणार होतं?

"चोरली, साहेब," बाबा म्हणाले.

आईने शक्करपाऱ्यांची ताटली खाली ठेवली. बाबा सावधानमध्ये उभे राहिले होते, हात शिवणीला. गावकऱ्यांच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही असा कडक हुकूम होता. परवानगी द्यायला कॅप्टनसाहेब खाली नव्हते, वर होते. धुकं कधीही उठलं असतं. त्यांनी दावं सोडलं आणि घोडी नेली. दुसऱ्या पहाटे परत नेऊन बांधली. बांधताना आवाज होऊ नये म्हणून तिच्या गळ्यातली घंटा काढून, आत गवत कोंबून, स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकली. दुपारी कंपनीला पुढे निघायचा हुकूम आला. घंटा खिशातच राहिली.

"कुठली घंटा?" मेजरसाहेबांनी विचारलं. मग त्यांनीही चौकटीकडे पाहिलं.

चौदा वर्षं आम्ही चोरीच्या घंटेवर जेवायला येत होतो. मला एकदम ते दोन पेरू आठवले. मी तोंड उघडलं. आईने मला डोळ्यांनी गप्प केलं, पण उशीर झाला होता. "अर्धा तास," मी म्हणाले. "मला अर्धा तास उभं केलं होतं."

"व्हय," बाबा म्हणाले. "त्यासाठीच केलं होतं."

थोरातकाका खुर्चीवरून पडायचे बाकी होते. "दाजी! घोडीचोर! आणि मला वीस वर्षं सांगतोय शिस्त!"

मेजरसाहेबांनी पेन मिटलं नाही. ते म्हणाले, तुकडीची काही माणसं वर्धापनदिनासाठी त्याच डोंगरावर जाणार आहेत, घंटा द्या, गाव शोधतो. बाबांनी त्याच वेळी खिळ्यावरून घंटा उतरवली, चिंच लावून घासली, जुन्या पंच्यात गुंडाळली आणि दिली. त्या रात्री आईने उलटण्याने रिकाम्या ताटावर दोनदा वाजवलं. आम्ही गेलो, पण मजा नव्हती.

पुस्तक पावसाळ्यानंतर आलं. जाड, इंग्रजीतलं, गुळगुळीत कागदाचं. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि बाबांना ते वाक्य मराठीत सांगितलं: दाट धुक्यात खेचर कंपनीने, स्थानिक रहिवाशाकडून मिळालेल्या एका घोडीच्या मागे चाळीस जनावरे नेऊन, तोफगोळे कड्यापर्यंत पोहोचवले, तेथून तोफचींनी ते खांद्यावर वर नेले. बाबांचं नाव नव्हतं. त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. "मिळालेल्या," ते म्हणाले. "साहेब भला माणूस."

पुस्तकाच्या आत मेजरसाहेबांचं एक पत्र होतं. घोडीचा मालक सापडला होता. म्हातारा झाला होता, पण सगळं आठवत होतं. घंटा पाहून तो म्हणाला की घोडी कुणी नेली ते मला त्याच दिवशी कळलं होतं. सकाळी उठून पाहिलं तर ती दाराशी बांधलेली, आणि तिच्या पाठीवर हरभऱ्याची दोन पोती, दोन्ही बाजूंना अगदी सारखी. चोर असं बांधत नाही, म्हणून मी तक्रार केली नाही.

बाबांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं तरी मी दाखवलेल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "बघ," ते आईला म्हणाले, "दोन्ही बाजू सारख्या." पुस्तकातल्या वाक्यापेक्षा त्यांना याचाच आनंद जास्त झालेला दिसत होता. छाती फुगली होती.

आई पीठ मळत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि ते हरभरे कुणाचे होते?"

बाबांनी पत्राची घडी घातली. थोरातकाकांनी उजवा कान पुढे केला.

"सरकारचे," बाबा म्हणाले.